बोल्ट की सेमी-ऑटो? पहिली रायफल, डावा हात आणि टेक्सासची डुकरं

डावरा (९ ऑगस्ट)

नमस्कार मंडळी,

शीर्षक वाचूनच ज्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील त्यांना आधीच सांगून टाकतो. मी टेक्सासात राहतो, सॅन अँटोनियोच्या उत्तरेला, ग्रीन कार्डावर. इथं शिकार कायद्यात बसते.

ऑफिसातल्या दोघांनी लॅनो काउंटीत लीज घेतलंय. म्हणजे रँचवाल्याला वर्षाचं भाडं द्यायचं आणि त्याच्या रानात शिकारीला जायचं. त्यांचा तिसरा भिडू बदली होऊन गेला, ती जागा मला देतायत. गेल्या डिसेंबरात मी त्यांच्याबरोबर नुसता बघ्या म्हणून गेलो होतो. पहाटे साडेपाचला पत्र्याच्या खोपटात जाऊन बसलो. आपल्याकडे राखणीला माळा असतो ना, तसंच, फक्त चारी बाजूंनी बंद आणि आत फिरती खुर्ची. मीटिंगमध्ये दर दोन मिनिटांनी बोलणारी ही माणसं सव्वासातपर्यंत गप्प! मग एक हरणी आली, बार झाला, संपलं. मला मागचा एक पाय मिळाला. घरी कांदा-खोबरं भाजून आईच्या पद्धतीने सुकं केलं. त्या मांसाला चरबी नावाला नसते, त्यामुळे बोकडाच्या अंदाजाने परतलं ते पार चामडं झालं. दुसऱ्या वेळी कुकर लावला, मग जमलं. बायको म्हणाली मी तोंडात घालणार नाही, आणि दुसऱ्या दिवशी उरलेलं तीच डब्याला घेऊन गेली.

तर आता रायफल. जत्रेतले फुगे सोडले तर बंदुकीशी माझा आजवर संबंध नाही. शिकारीच्या शिक्षणाचा कोर्स केला (२ सप्टेंबर १९७१ ला किंवा नंतर जन्मलेल्यांना इथं तो करावा लागतो). व्हाइटटेल हरणांचा मोसम नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारपासून, रानडुकरं मात्र बारमाही. एक मित्र म्हणतो, बोल्ट-ॲक्शन घे (दर बारानंतर हाताने दांडा ओढून नवं काडतूस आत घ्यायचं), .३०८ मध्ये (हे काडतुसाचं नाव, आकडा गोळीच्या इंचातल्या जाडीचा), विषय संपला. दुसरा म्हणतो, एआर-१५ घे, सेमी-ऑटो, म्हणजे दर वेळी नुसता चाप ओढायचा, नाहीतर डुकरांचा कळप समोरून जाईल आणि तू बोल्ट ओढत बसशील.

नेमबाजीच्या रेंजवर दोन्ही चालवून पाहिल्या. .३०८ बोल्टने वीस बार काढले, तर दुसऱ्या दिवशी शर्ट घालताना खांदा ओरडत होता. एआर-१५ ला धक्का जवळपास नाहीच. पण मी डावरा! बोल्टचा दांडा उजवीकडे, म्हणजे दर बाराला डावा हात चापावरून काढून बंदुकीवरून पलीकडे न्यायचा. आणि एआरच्या रिकाम्या पुंगळ्या उजवीकडून, माझ्या नाकासमोरून उडायच्या. त्यातली एक गरमागरम कॉलरीत गेली. पुढे जे नाचलो ते दोघांनी मोबाइलवर टिपलंय.

बजेट दुर्बिणीसकट बाराशे डॉलर. घरात सात वर्षांची मुलगी आहे, त्यामुळे बायकोची अट एकच: एक बंदूक, एक तिजोरी, किल्ली दोघांकडे. म्हणजे दोन्ही घ्या हा सल्ला बाद. काय करू?

मऊभात (९ ऑगस्ट)

दुकानात मटण मिळत नाही का तिकडे?

डावरा (९ ऑगस्ट)

मिळतं की. तेही कोणीतरी मारलेलंच असतं. मला तो भाग दुसऱ्यावर ढकलायचा नाही, एवढंच. यावर वाद घालायचा तर वेगळा धागा काढा, मी येतो.

अप्पा_पिट्सबर्ग (१० ऑगस्ट)

आमच्याकडे हा प्रश्नच नाही. पेनसिल्व्हेनियात हरणासाठी सेमी-ऑटो रायफल चालत नाही, कायदाच तसा आहे. म्हणून इथं घराघरात बोल्ट, लिव्हर (चापाखालची कडी ओढायची), नाहीतर रेमिंग्टन ७६० सारखी पंप रायफल (नळीखालची मूठ मागेपुढे ओढायची). ज्याला घाई आहे त्याची पंप. त्यामुळे मी बोल्टवाला आहे तो तत्त्वाने नव्हे, सक्तीने. हे लक्षात ठेवून पुढचं वाच.

माझे आजोबा राजापूर तालुक्यातले. त्यांच्याकडे ठासणीची बंदूक होती. नळीत दारू ओतायची, काथ्या कोंबायचा, गजाने ठासायचं, मग शिशाची गोळी, वर पुन्हा काथ्या, शेवटी निपलावर केप. दुसरा बार भरेस्तोवर डुक्कर पुढच्या वाडीत पोचलेलं असायचं. १९७२ चा कायदा यायच्या आधीची गोष्ट आहे, मी हाकाऱ्यांबरोबर पत्र्याचा डबा बडवत जाणारा पोर. वाटे पडायचे तेव्हा बंदुकीचा वाटा, कुत्र्याचा वाटा, आणि डबा बडवणाऱ्या पोराला काळजाचा तुकडा. आजोबा अर्धा अर्धा तास बंदूक खांद्याला लावायचेच नाहीत. मला वाटायचं, म्हातारा घाबरतोय.

तू विचारतोयस पहिल्या बाराबद्दल. नेम, धक्का, वजन, सगळं पहिल्या बाराचं. त्यात खरं तर फार फरक नाही. चांगली बोल्ट रायफल शंभर यार्डांवर दोन रुपयांच्या नाण्याएवढ्या जागेत गोळ्या बसवते, बरी एआर चहाच्या कपाच्या तोंडाएवढ्या. हरणाचं काळीज-फुप्फुस मिळून होतं एका लहानशा भाकरीएवढं. दोन्ही पुरतात. तुझ्या खोपटापासून जनावरांना खाद्य टाकायची जागा फार तर शंभर-सव्वाशे यार्डांवर असणार.

मी तुला दुसरंच विचारतो. बार काढल्यावर पुढच्या क्षणाला तुझ्या हातातली बंदूक कोणत्या अवस्थेत आहे?

सेमी-ऑटोत बार झाला की नळीतला वायू मागे येतो, पुंगळी बाहेर फेकतो, नवं काडतूस आत सारतो आणि घोडा चढवून ठेवतो. हे सगळं तुझा डोळा मिटून उघडायच्या आत. म्हणजे तू काही न करता बंदूक पुन्हा भरलेली, पुन्हा तयार. आणि तू? तुझे हात थरथरतायत, हरीण झुडपात शिरलंय, तुला धावत जाऊन बघायचंय. नवख्याला त्या क्षणी सेफ्टी (चाप अडवणारी कळ) आठवत नाही. आठवतच नाही रे, मी शपथेवर सांगतो.

माझा एक मित्र ओहायोत. तिथं तेव्हा हरणाला रायफल चालायची नाही, शॉटगनच. त्याची सेमी-ऑटो होती. हरणीवर एक बार काढला, ती पडली, हा आनंदाने झाडावरच्या मचाणाची शिडी उतरायला लागला, बंदूक गळ्यात. शेवटून तिसऱ्या पायरीवर पाय सटकला आणि दुसरा बार त्याच्या बुटापासून वीतभर अंतरावर जमिनीत गेला. इजा काही नाही. पण त्या दिवशी त्याने ती हरणी सोलली नाही. मी सोलली, तो गाडीत बसून होता.

बोल्टमध्ये काय होतं? पुंगळी आतच राहते. तू मुद्दाम दांडा उचलून ओढल्याशिवाय ती बंदूक म्हणजे काठी. उतरताना बोल्ट उघडा ठेवलास तर तुझ्या मित्रालाही लांबून दिसतं की मोकळी आहे. पहिल्या दोन-तीन वर्षांत ही गोष्ट मला नेमापेक्षा मोठी वाटते.

आता बोल्टची खोडही सांगतो, नाहीतर म्हणशील अप्पा एकतर्फी बोलतात. १९९४, माझा पहिला मोसम. .३०-०६ ची बोल्ट रायफल. ऐंशी यार्डांवर शिंगाळ्या (नर हरीण), पहिला बार थोडा मागे लागला. मी घाईघाईत बोल्ट ओढला, पण अर्धाच. पुंगळी बाहेर पडली, नवं काडतूस वर आलंच नाही. चाप ओढला तर नुसतं 'टिक'. ते हरीण मी अंधार पडेपर्यंत शोधलं, रक्ताचे थेंब मोजत, ओढ्यापर्यंत. सकाळी पुन्हा गेलो. सापडलं, पण रात्रीतून कोल्ह्यांनी निम्मं संपवलं होतं. सेमी-ऑटो असती तर दुसरी गोळी लगेच गेली असती हे मी नाकारत नाही. ती कुठे लागली असती हे मात्र मला ठाऊक नाही, कारण माझा श्वास तेव्हा छातीत नव्हताच. घरी येऊन महिनाभर रिकाम्या रायफलीचा बोल्ट ओढत बसायचो, टीव्हीपुढे. बायको म्हणायची, जपमाळ घ्या त्यापेक्षा.

डाव्या हाताचं सोपं आहे. डाव्या हाताच्या बोल्ट रायफली मिळतात. रुगर अमेरिकन, सॅव्हेज ॲक्सिस या तुझ्या बजेटातल्या. टिक्का टी३एक्स सुद्धा मिळते, पण मग दुर्बिणीला फार पैसे उरणार नाहीत. दुकानात मांडलेली नसते, मागवावी लागते, म्हणून आत्ताच ऑगस्टमध्ये मागव. दुकानदार 'उजवीची सवय होईल' म्हणेल. टेकूवर ठेवून मारताना होते, कारण मोकळ्या उजव्या हाताने बोल्ट ओढता येतो. उभ्याने मारताना नाही होत.

खांद्यासाठी .३०८ ऐवजी ६.५ क्रीडमूर किंवा .२४३ ही काडतुसं बघ. हरीण कशानेही पडतं, .२४३ ला धक्का सगळ्यांत कमी. आणि वीस बार एका दमात कोण काढतो? सहा काढायचे आणि घरी यायचं.

ह्यूस्टनकर (१० ऑगस्ट)

अप्पांबद्दल आदर आहे, पण पेनसिल्व्हेनियातून टेक्सासची डुकरं दिसत नाहीत.

आमच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याचा मका एका रात्रीत निम्मा आडवा केला होता या डुकरांनी. राज्यात त्यांची संख्या वीस लाखांच्या वर धरतात. स्पॅनिश लोकांनी आणलेली पाळीव डुकरं, नंतर शिकारीसाठी सोडलेले युरोपी रानडुक्कर, त्या सगळ्यांची ही सरमिसळ. वर्षातून दोनदासुद्धा वितात. शेतकरी तुम्हाला बोलावतो तो एक डुक्कर मारायला नाही. पंधराचा कळप खाद्यावर आला, पहिला बार झाला की पुढचे चार सेकंदच तुमचे. त्यात बोल्टवाला सरावलेला असेल तर दुसरा बार काढतो, एआरवाला चौथा.

एआर-१५ ची आणखी एक सोय म्हणजे तीच रायफल बदलता येते. टेक्सासात हरणाला .२२३ (एआर-१५ चं नेहमीचं काडतूस) चालते, पण सगळ्या राज्यांत नाही. कोलोरॅडोत मोठ्या जनावराला .२४ च्या खालची नळी चालत नाही, व्हर्जिनियात हरणाला .२३ च्या खालची नाही. मग .३०० ब्लॅकआउट या जाड गोळीच्या काडतुसाची नळी लावा, बोल्ट (एआरमध्येही आत सरकणारा तो भाग असतोच) आणि मॅगझिन (काडतुसांची पेटी) तेच. ६.५ ग्रेंडल काडतुसाची हवी तर बोल्ट आणि मॅगझिनही बदला. एक धोका: .३०० ब्लॅकआउटचं काडतूस .२२३ च्या नळीत बसू शकतं, आणि तसा बार काढला तर रायफल तोंडावर फुटते. दोन्ही असतील तर मॅगझिनं वेगळ्या रंगाची ठेवा. मी तर डबेच वेगळ्या खोलीत ठेवतो.

.३०८ मध्ये सेमी-ऑटो हवी असेल तर ती एआर-१५ च्या सांगाड्यात मावत नाही, त्यासाठी एआर-१० लागते. ती खांद्यावर घेऊन एक मैल चालून बघा, मग बोलू.

पुंगळीचं म्हणाल तर ती जिथून बाहेर पडते त्या खिडकीच्या मागे उंचवटा असतो, तो डावऱ्यांसाठीच. तुमच्या मित्राची रायफल सुटे भाग जोडून केलेली असेल, पुंगळ्या उलट्या फेकत असेल. आणि डावऱ्याला एआर जास्त सोयीची, कारण दोन्ही बाजूंनी चालणारी सेफ्टी वीस-तीस डॉलरला मिळते.

अप्पा_पिट्सबर्ग (१० ऑगस्ट)

डुकरांचं मान्य. कळप संपवायचा तर सेमी-ऑटो, मी तिथं वाद घालणार नाही. पण धागाकर्त्याला हरणाचं मटण खायचंय, शेतकऱ्याचा मका राखायचा नाही.

आणखी एक. एआर पहाटे खोपटात बसून कशी भरता? बोल्ट सोडला की 'खटॅक' पार कुंपणापर्यंत. हळू सोडला तर पूर्ण बसत नाही.

ह्यूस्टनकर (१० ऑगस्ट)

हळू सोडायचा आणि उजवीकडचं बटण अंगठ्याने दाबून बसवायचा. ते बटण बोल्ट पुढे ढकलायलाच दिलंय. पण हो, डावऱ्याच्या अंगठ्याला ते पलीकडे पडतं. हा गुण तुम्हाला.

एच१बी_बापुडा (११ ऑगस्ट)

मध्येच विचारतो. मी एच-१बी (नोकरीचा व्हिसा) वर आहे, डॅलस. मित्र बोलावतात डुकरांना. मी बंदूक हातात घेतली तर चालतं का? कोणी म्हणतं डुकराला परवानाच लागत नाही.

कागदवाला (११ ऑगस्ट)

इथंच लोक फसतात. खासगी जमिनीवर, मालकाच्या परवानगीने रानडुक्कर मारायला टेक्सासात २०१९ पासून शिकारीचा परवाना लागत नाही. पण तो राज्याचा नियम. केंद्राच्या कायद्याने नॉन-इमिग्रंट व्हिसावाल्याला (एच-१बी त्यातलाच) बंदूक बाळगायला मुळातच बंदी आहे, आणि त्यातला तुमच्या कामाचा अपवाद म्हणजे अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचा चालू शिकार परवाना. म्हणजे डुकराला लागत नसलेला परवाना तुम्हाला लागतो. मित्राची रायफल पाच मिनिटं हातात घेतली तरी तेच.

आणि टेक्सासचा वर्षाचा परवाना ३१ ऑगस्टला संपतो. आज काढलात तर वीस दिवसांचा. १ सप्टेंबरला नवा खिशात नसेल तर रेंजवरही जाऊ नका. घरी बंदूक असेल तर ती त्या दिवशीही तुमच्याच ताब्यात असते, हे विसरू नका. वकिलाला एकदा विचारा, फी व्हिसापेक्षा स्वस्त पडेल.

हिरवी_बारावी (१२ ऑगस्ट)

जर्मनीतून. इथं शिकारीची परीक्षा एवढी अवघड की लोक तिला 'हिरवी बारावी' म्हणतात: जनावरांचे रोग, झाडं, कायदा, कुत्री, सगळं. मी दुसऱ्या प्रयत्नात पास. सेमी-ऑटो चालते, पण बंदुकीत मिळून तीनच काडतुसं. त्यामुळे ह्यूस्टनकरांचा चौथा बार इथं बेकायदा.

आमच्याकडे हिवाळ्यात हाका असतो, अगदी अप्पांच्या राजापूरसारखा, फक्त हाकारे भगव्या जाकिटात आणि शेवटी कर्णे वाजवतात. धावत्या डुकराला बरेच जण सरळ ओढायचा बोल्ट वापरतात, ब्लेझर आर८ सारखा. दांडा वर उचलायचा नाही, नुसता मागे-पुढे. डाव्या हाताचाही मिळतो. किंमत सांगत नाही, धागाकर्त्याच्या बायकोही वाचत असतील.

बांद्याचो (१२ ऑगस्ट)

आमका हय निवड खय? एक ठासणीची, नायतर बारा बोर, ती पण शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर. आणि इलेक्शन इला की पोलीस स्टेशनात जमा. डुकरांका मात्र आचारसंहिता लागू नाय. गेल्या वर्षी ऐन भात पिकताना बंदूक जमा होती, आमी रातभर डबे बडवत बसलंव. तुमी बोल्ट घेवा नायतर काय पण घेवा, पण घरात ठेवूक गावता, ह्याच नशीब.

डावरा (१४ ऑगस्ट)

सगळ्यांचे आभार. अप्पा, 'बंदूक कोणत्या अवस्थेत आहे' हे मी बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, हाच माणूस बरोबर. मग निर्णय झालाच म्हणायचा. डाव्या हाताची बोल्ट, ६.५ क्रीडमूर, मागवली. दुकानदार म्हणालाच, 'उजवीची सवय होईल.'

डावरा (६ जानेवारी)

विचारपूस करणाऱ्यांसाठी. रायफल ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात आली. अप्पांच्या जपमाळेप्रमाणे रोज रात्री रिकामा बोल्ट ओढला. मुलगी मोजायची, पन्नासला थांबवायची.

मोसमाच्या तिसऱ्या शनिवारी हरणी आली, नव्वद यार्ड. बार काढला. ती उडी मारून सिडारच्या झुडपात शिरली आणि मी तसाच, गाल दस्त्याला चिकटवून, बघत बसलो. दहा मिनिटांनी मित्राने खांद्याला हात लावून विचारलं, 'दुसरं काडतूस घेतलंस का?' नव्हतं घेतलं. पन्नास गुणिले चाळीस रात्री, आणि ऐन वेळी हात हललाच नाही! पुंगळी आतच, थंड झालेली. हरणी साठ पावलांवर पडली होती, त्यामुळे निभावलं. पण हे अप्पांच्या बाजूने धरायचं की ह्यूस्टनकरांच्या, मला कळत नाही.

डिसेंबरात डुकरंही आली. अकरा मोजली. एक पडलं, दहा गेली. मित्र माझ्याकडे बघून काही बोलला नाही, फक्त त्याची एआर पुढे केली, पुढच्या कळपासाठी. कळप आला तासाभराने. मी तीन बार काढले, दोन पडली. तिसऱ्याच्या वेळी पुंगळी पुन्हा कॉलरीत.

अप्पा_पिट्सबर्ग (६ जानेवारी)

सेफ्टी लावूनच नाचलास ना?

डावरा (७ जानेवारी)

मित्राने लावली.